अकरा महिन्यांची आत्या

बोरिवलीला आमची स्वतःची जागा झाली आणि त्यानंतरही दोन-तीन वर्षं आम्ही घाटकोपरच्या चाळीतच राहिलो. ऑफिसातल्या बायकांना वाटायचं, हिची मजा आहे, एक जागा राहायला आणि एक भाड्याने द्यायला. "मालकीणबाई" म्हणून चिडवायच्या मला. मी हसून विषय बदलायचे.

घाटकोपरची खोली पागडी देऊन घेतलेली, भाड्याची, सासूबाईंच्या नावावर होती. एका कोपऱ्यात मोरी, एका भिंतीला ओटा. मधोमध लोखंडी कपाट आडवं लावलेलं. कपाटाच्या पुढे सासूबाई आणि धाकटा दीर, मागे आम्ही दोघं आणि आमची मुलगी. कपाटाचा पत्रा ढिला होता. रात्री कुणी कूस बदलून पाय लावला की तो वाजायचा, आणि मग सगळे जागे असूनही झोपल्यासारखे पडून राहायचे. लग्न होऊन मी त्या खोलीत आले तेव्हा मला सांगितलं होतं, थोडे दिवस. मुलगी शाळेत जायला लागली तरी ते थोडे दिवस संपले नव्हते.

माझे मिस्टर बँकेत कारकून होते. आमच्या वेळी नवऱ्याला "हे" म्हणायचं वळण होतं, इथेही मी तेच लिहिते. बँक आपल्या नोकरांना घरासाठी कमी व्याजाने कर्ज द्यायची. मी सरकारी ऑफिसात टायपिस्ट. दोघांच्या पगारात बोरिवलीला एक खोली आणि स्वयंपाकघर एवढं बसत होतं. स्टेशनपासून लांब, खाडीच्या बाजूला भराव घालून नव्या इमारती उभ्या राहत होत्या, तिथे तिसऱ्या मजल्यावर आम्ही जागा नोंदवली. कर्जाच्या कागदांत एक अट होती: जागा स्वतः राहण्यासाठीच वापरायची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आम्ही सही केली. आम्हाला राहायलाच तर जायचं होतं.

इमारत तयार झाली तेव्हा बिल्डरने शेवटची रक्कम मागितली. ती दिल्याशिवाय चावी नाही. प्रॉव्हिडंट फंडातून उचल आधीच घेऊन झाली होती. ह्यांच्या पगारातून हप्ता कापला जायला सुरुवात झाली होती, तो गेल्यावर उरलेल्या पैशात महिना निघत नव्हता. शिवाय तिथे पाणी टँकरचं, रस्ता झालेला नाही, सासूबाईंचा दमा बळावलेला. म्हणजे कर्ज चालू, जागा तयार, आणि आत पाऊल टाकता येत नाही.

तेव्हा एक एजंट भेटला. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याच्या बाकावरच त्याचं ऑफिस होतं.

"पार्टी एकदम सरळ आहे," तो म्हणाला. "दोघंच. बहीण-भाऊ. पोरंबाळं नाहीत. डिपॉझिट देतील ते बिल्डरच्या तोंडावर मारा, चावी घ्या. भाड्याने हप्त्याला हातभार. अकरा महिन्यांत नळाला पाणी येईल, रस्ता होईल, मग तुम्ही जा की आरामात."

"पण बँकेची अट आहे," हे म्हणाले.

"बँकेला सांगायला कोण जातंय? कागद आपल्या आपल्यात. शेजाऱ्यांनी विचारलं तर नातेवाईक सांगा. आत्या सांगा. आत्या कोण तपासायला जातंय, साहेब?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळं इतकं नीट बसत होतं की नाही म्हणायला जागाच नव्हती.

बहीण एका शाळेत शिवणकाम शिकवायची. पन्नाशीच्या आतबाहेर, बारीक, ताठ, केस चापून बसवलेले. तिला सगळे बाई म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. भाऊ तिच्याहून मोठा. माहुलकडच्या एका कारखान्यात फिटर होता, उंचावरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. तो खाटेवर असायचा. त्याला आम्ही दादा म्हणायचो. माणसं मूळची मालवणकडची. बाई आमच्याशी शुद्ध बोलायच्या, दादा मात्र कुणापुढेही आपली बोली सोडायचे नाहीत.

त्यांना आधी जोगेश्वरीला खोली होती, वडिलांच्या वेळची. मधल्या भावाने ती परस्पर पागडी घेऊन दुसऱ्याला दिली आणि ह्या दोघांना बाहेर काढलं. बाईंनी हे मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, मशीनवर पाय चालू ठेवून, वर न बघता. "सामान गॅलरीत काढून ठेवलं होतं, वहिनी. आणि दादा खाटेवर. खाटेसकट गॅलरीत." मी नुसतं च्‌ च्‌ केलं. त्या बोलण्याचा आमच्याशी काही संबंध येईल असं तेव्हा वाटलं नाही.

आमच्या काही अटी होत्या. रेशनकार्डावर हा पत्ता लावायचा नाही. गॅसचा नंबर ह्या पत्त्यावर लावायचा नाही. दारावर पाटी नाही. भाड्याची पावती नाही. बाईंनी सगळ्याला मान डोलावली. दादा खाटेवरून म्हणाले, "म्हणजे आमी हय रवतंव, पण आमी हय नाय." आणि मोठ्याने हसले. त्यांची खाट खिडकीशी लावली होती. तिथून पलीकडची खाडी आणि चिखलातले बगळे दिसायचे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी भाडं आणायला जायचे. मुलगीही यायची. बाई नोटा मोजून हातात ठेवायच्या, मग चहा. मुलीला त्यांनी उरलेल्या कापडांचा फ्रॉक शिवला, झालर लावून. दादा तिच्याशी पत्ते खेळायचे आणि उघड उघड लबाडी करायचे. परतताना मला प्रत्येक वेळी तेच वाटायचं: ही माझी जागा आहे, आणि मी पाहुणी म्हणून चहा पिऊन निघाले आहे.

अकरा महिने झाले. पाणी आलं नव्हतं, सासूबाईंचा दमा तसाच, म्हणून आम्हीच पुन्हा अकरा महिन्यांचा कागद केला. ते संपता संपता दिराचं लग्न ठरलं. आता कपाटाच्या पुढे नवी सून येणार. सासूबाई म्हणाल्या, "तुमची जागा आहे ना. मग जा की." त्यांचं बरोबरच होतं.

आम्ही बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघते मी दुसरीकडे." दोन महिने गेले. मग म्हणाल्या, "तळमजल्यावर हवी हो. दादांना जिन्याने कोण नेणार? आणि डिपॉझिट कुठे परवडत नाही. आमचं दिलंत तर काही बघता येईल." डिपॉझिट तर बिल्डरच्या घशात गेलेलं. हे म्हणाले, "तुम्ही जागा बघा, आम्ही पैशांचं बघतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही पैसे बघा, म्हणजे मी जागा बघते." कुणी आवाज चढवला नव्हता.

आम्ही वकिलांकडे गेलो. ह्यांच्या मित्राच्या ओळखीचे होते, त्यांनी फी घेतली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दावा लावतो. पण पहिलंच वाक्य काय लिहू? जागा भाड्याने दिली होती असं?"

"हो, म्हणजे तसंच..."

"आणि तो कागद तुमच्या बँकेपर्यंत पोहोचला तर?"

हे टेबलावरचे कागद गोळा करू लागले.

"कर्ज एकरकमी परत मागतील. नोकरीतही त्रास होईल. बघा, तुमचं तुम्ही ठरवा. आणि हो, भाडं घेणं आधी बंद करा. मुदत संपल्यावर भाडं घेत राहिलात तर त्यांचंच पारडं जड होईल."

पुढच्या रविवारी मी भाडं घेतलं नाही. हप्ता चालू, भाडं बंद. बाईंनी पुढे केलेला हात तसाच राहिला, मग त्यांनी नोटा पदराखाली ठेवल्या. चहा झाला. चहाला तेव्हा पहिल्यांदा चव लागली नाही.

दिराचं लग्न पुढे ढकललं. नवरीकडच्यांना सांगितलं, जागेचं काम चालू आहे.

आणि त्यातच बँकेतून पत्रक निघालं. ज्यांनी घराचं कर्ज घेतलं आहे त्यांच्या घरी अधिकारी जाऊन पाहणार. कुणीतरी दुसऱ्या शाखेत कर्जावर जागा घेऊन ती गोडाऊनला दिली होती, ते उघडकीस आलं होतं. ह्यांची पाळी एका शनिवारी संध्याकाळी होती. त्या आठवड्यात ह्यांना अन्न गेलं नाही.

मी बाईंकडे गेले. काय सांगायचं ते वाटेत शंभर वेळा घोकलं होतं, पण दारात उभी राहिल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. "बाई, ह्यांची नोकरी जाईल," एवढंच बोलले.

बाईंनी मशीन थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही इथे राहता असं दाखवायचं. आणि आम्ही?"

"तुम्ही आत्या. शेजाऱ्यांना तेच माहीत आहे."

दादा खाटेवरून म्हणाले, "ही आत्या, तर मी कोण? काका?" आणि जरा थांबून, "आडनाव इचारल्यान तर काय सांगूचा?"

"आमचंच सांगा," मी म्हणाले.

"बरां. फुकट गावता तर घेतंव."

शुक्रवारी आम्ही कपड्यांची ट्रंक, मुलीचं दप्तर, आमचा लग्नाचा फोटो आणि ह्यांच्या नावाची पाटी घेऊन बोरिवलीला गेलो. बाईंनी भिंतीवरचा त्यांच्या शाळेचा फोटो उतरवला, कारण खाली सगळ्या शिक्षकांची नावं छापली होती. त्या जागी आमचा फोटो लावला. मी पाटीचे खिळे ठोकत होते आणि माझ्याच दाराला पाटी लावताना कुणी बघत नाही ना, हे जिन्याकडे वळून वळून पाहत होते.

अधिकारी साधे गृहस्थ होते. दमून आले होते. पाणी प्यायले, पंख्याखाली बसले. ह्यांनी ओळख करून दिली, "ही आमची आत्या, शाळेत शिकवते. हे काका, आजारी असतात." बाईंनी पदर सावरून नमस्कार केला. अधिकाऱ्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं, मोरी पाहिली, काही लिहून घेतलं. तेवढ्यात उघड्या दारातून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ओरडत गेले, "आत्या, टँकर आलाय, बादल्या काढा!" माझ्या जिवात जीव आला. बाहेरच्या माणसानेच साक्ष दिली होती.

निघता निघता अधिकारी मुलीसमोर वाकले. "काय बाळ, आवडलं का नवीन घर? एवढी सगळी माणसं, तू झोपतेस कुठे?"

"कपाटाच्या मागे," मुलगी म्हणाली.

तिला खोटं बोलायला शिकवायचं राहूनच गेलं होतं. अधिकाऱ्यांनी खोलीभर नजर फिरवली. कपाट कुठेच नव्हतं.  

"रंगवायला दिलंय कपाट," बाई म्हणाल्या. अगदी सहज. "खाऱ्या हवेने गंजतं हो इकडे. हिला कपाटाआड झोपायची सवय लागलीय, आता आठवडाभर रात्री रडतेय." आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. अधिकारी हसले. "चला, येतो आत्या," म्हणून गेले.

दार लावल्यावर हे खाली फरशीवरच बसले. मी बाईंचे दोन्ही हात धरले. त्या क्षणी मला त्या खरोखर सख्ख्या वाटल्या. दादा म्हणाले, "माझा काम कसला झाला? एक शब्द बोलाक नाय दिल्यात."

महिन्याभराने ह्यांनी पुन्हा विषय काढला. दिराच्या सासरचे आता थांबायला तयार नव्हते. आम्ही दोघं गेलो होतो. ह्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "बाई, कुठे जमतंय का?"

बाईंनी मशीनवरचा दोरा तोडला. मग म्हणाल्या, "साहेबांसमोर तुम्ही मला आत्या म्हणालात. बँकेच्या कागदावर मी आत्या आहे. आता तुम्ही कोर्टात जाऊन काय सांगणार? आत्याला घराबाहेर काढायचंय?"

"असं काय बोलता? आम्ही कोर्टाचं नाव काढलं का?"

"तुम्ही काढलं नाहीत. मी काढतेय."  "मला एकदा गॅलरीत काढलंय, भाऊ. पुन्हा मी निघणार नाही. माझ्या तोंडून बँकेत कधी काही जाणार नाही, ही शपथ. पण मला निघायला सांगू नका."

धमकी म्हणावी तर ती धमकी नव्हती. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती आम्हीच आमची मान दिली होती. बसस्टॉपपर्यंत आम्ही चालत आलो. बस आली, गेली, आम्ही तसेच उभे. हे म्हणाले, "वाट लागली गं आपली." 

दिराचं लग्न झालं, आणि आम्हाला निघावंच लागलं. एका रविवारी टेम्पोत सामान भरून आम्ही आमच्या जागेत राहायला गेलो, ती रिकामी नसताना. दार बाईंनी उघडलं. टेम्पो पाहिला, आम्हाला पाहिलं. मशीन भिंतीशी सरकवलं आणि वाट करून दिली.

दादांची खाट स्वयंपाकघरात मावत नव्हती, म्हणून बाहेरची खोली त्यांची आणि बाईंची. आम्ही तिघं स्वयंपाकघरात. म्हणजे मालक ओट्याखाली पाय पसरून झोपायचे. ओट्यावर दोन स्टोव्ह, दोन मिठाचे डबे, दोन पोळपाट. पाणी भरताना हंडे कुणाचे आधी, ह्यावरून बाईंचं आणि माझं बोलणं बंद व्हायचं. चार दिवसांनी मीठ संपलं की सुरू व्हायचं. मशीनची खटखट सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी शाळेनंतर. शेजारणी दारात येऊन म्हणायच्या, "काय नशीबवान हो तुम्ही, घरात मोठं माणूस आहे." बाई आणि मी दोघीही हसायचो. एकमेकींकडे न बघता.

मुलगी मात्र त्यांना आत्या म्हणजे आत्याच म्हणायची. दादांकडून मालवणी शिकली, शाळेत बोलून शिक्षा घेऊन आली. दादांना बाजूला वळवायचं असलं, चादर बदलायची असली की हे मदत करायचे. रोज. दोघांत शब्द फारसा नसायचा. एकदा चादर ओढून झाल्यावर दादा ह्यांना म्हणाले, "ह्या घर तुमचा. माका म्हायत आसा. माका रोज म्हायत आसा." हे मोरीत हात धुवायला गेले.

मला बाईंचा राग यायचा आणि रागाची लाज वाटायची, आणि लाज वाटली की जास्त राग यायचा. हप्ता कापला जात होता. कर्ज फिटायला अजून अर्धा जन्म होता. विकायची म्हटली तर माणसं आत असलेली जागा कोण घेणार? घाटकोपरला परत जायची वाट बंद. कोर्टाची वाट बंद. आणि हे सगळं कुणाला सांगायचीही सोय नाही, अगदी आईलासुद्धा, कारण सांगितलं की ते कुठून कुठे जाईल ह्याचा भरवसा नाही. मी ऑफिसात टाइप करताना कधी कधी मध्येच थांबायचे आणि छातीवर हात ठेवून बसायचे. साहेब विचारायचे, "काय हो, बरं नाही का?" मी म्हणायचे, "उकडतंय."

ह्यांना घरी यायला उशीर व्हायला लागला. काम वाढलंय म्हणायचे. एकदा मी नेहमीपेक्षा नंतरच्या गाडीने बोरिवलीला उतरले, तर पुलाच्या पायथ्याशी फलाटावरच्या बाकावर हे बसलेले. हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. वाचत नव्हते, नुसते समोर बघत होते. मी शेजारी जाऊन बसले.

"किती वेळ बसलाय?"

"बसतो रोज." मग वर्तमानपत्राची घडी मोडत, "घरी बसायला जागा नाही गं."

त्या माणसाने आयुष्यात कधी कुणाचा पैसा बुडवला नव्हता, कधी रजेचा खोटा अर्ज दिला नव्हता. बँकेत त्या अधिकाऱ्यांसमोरून जाताना हे मान खाली घालतात, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं.

"सांगून टाका बँकेत," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मलाच कळलं नाही.

"नोकरी गेली तर?"

"माझी आहे ना. काय व्हायचं ते होऊ दे. असं तर आपण मरू."

आठवडा तसाच गेला. मग एका सोमवारी धुतलेला शर्ट घालून गेले आणि मॅनेजरसमोर सगळं सांगितलं. नोकरी गेली नाही. पण कर्जावरची सवलत काढून घेतली, सुरुवातीपासूनचं बाजारभावाने व्याज लावलं, सेवापुस्तकात शेरा मारला, आणि पुढच्या बढतीचा प्रश्नच संपला. हप्ता इतका वाढला की आकडा ऐकून मी भिंतीला टेकले. हे मात्र त्या संध्याकाळी वेळेवर घरी आले, स्वयंपाकघरात चटई टाकली आणि दिवा जळत असताना, दोन्ही स्टोव्ह पेटलेले असताना, गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी बाईंना सांगितलं. मशीन थांबलं.

"म्हणजे आता तुम्ही कोर्टात जाणार," बाई म्हणाल्या.

"जाऊ शकतो. जाणार असं म्हणालो नाही."

बाई हातातलं कापड उगाच घडी घालू लागल्या. खाटेवरून दादा बोलले, हळू आणि स्पष्ट. "बाय, आता ह्यांका भीती रवली नाय. आता ती आपणाक आसा. चल. कोणाच्या तरी भीतीवर किती दिस रवूचा?"

बाई मोरीत गेल्या आणि बादलीतलं पाणी तांब्याने ओतत बराच वेळ आत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "आमचं डिपॉझिट द्या. मी जागा बघते."

मी माझ्या ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं. एक कर्ज होतंच, आता दोन झाली. पण पैसे बाईंच्या हातात ठेवले तेव्हा हात हलका वाटला. त्यांना नालासोपाऱ्याला तळमजल्यावर एक खोली मिळाली. कागद पुन्हा अकरा महिन्यांचाच. तिथल्या मालकानेही सांगितलं होतं, रेशनकार्ड नाही, पाटी नाही. हे बाईंनी मला सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, बातमी सांगावी तसं.

जायच्या दिवशी ह्यांनी आणि टेम्पोवाल्याने दादांना लाकडी खुर्चीत बसवून दोरीने बांधलं आणि तिन्ही मजले खाली आणलं. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवून थांबावं लागत होतं. आवाजाने दारं उघडत गेली. शेजारणी बाहेर आल्या, "आत्या, कुठे चाललात? काकांना कुठे नेताय?" बाईंनी कुणालाच उत्तर दिलं नाही. ताठ मानेने मशीनचं झाकण काखेत घेऊन उतरत होत्या. मुलगी कठड्याला धरून मोठमोठ्याने रडत होती, "आत्याला का पाठवताय?" तिला काय सांगणार, आणि एवढ्या लोकांसमोर काय सांगणार? टेम्पोजवळ बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्यांनी माझ्या गळ्यातलं उलटं झालेलं मंगळसूत्र सरळ केलं आणि पुढे चढून बसल्या.

त्यांची आणि आमची गाठ नंतर दोनदाच पडली. एकदा दादा गेल्याचं कळल्यावर मी नालासोपाऱ्याला गेले तेव्हा. दुसऱ्यांदा बाजारात, उभ्या उभ्या. मुलीची चौकशी केली त्यांनी. निवृत्तीनंतर गावी जाणार म्हणाल्या. गेल्या की नाही, मला माहीत नाही.

आम्ही त्या जागेतच राहिलो. पुढच्या वर्षांत नळाला पाणी आलं, रस्ता झाला. आता बाहेरची खोली आमची होती आणि खिडकीतून खाडी दिसत होती, मध्ये नवीन इमारत उठेपर्यंत. दोन्ही कर्जं फेडण्यात आमची उमेदीची वर्षं गेली, पण ती गेली तर गेली. जड गेली ती निराळीच गोष्ट.

बाईंनी जागा सोडल्यावरच्या पहिल्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं, त्या घरातलं माझं पहिलं. इमारतीतल्या बायकांना बोलावलं. तिळगूळ, वाण, सगळं केलं होतं. तिघी-चौघीच आल्या, त्याही दारातल्या दारात. सेक्रेटरींची बायको कुंकू लावून घेताना म्हणाली, "आत्या असत्या तर घर भरल्यासारखं वाटलं असतं, नाही? शेवटी तुमचं-तुमचं घर तुम्हाला मोकळं हवं होतं. पण त्या अपंग माणसाला असं खुर्चीत बांधून... आमच्या तर घशाखाली घास उतरला नव्हता त्या दिवशी."

माझ्या हातात कुंकवाचा करंडा होता. सांगायला तोंड उघडलं, की त्या आमच्या कुणी नव्हत्या. पण मग त्या कोण होत्या, इतकी वर्षं आम्ही खोटं का बोललो, आणि तिच्या नवऱ्याने बँकेच्या माणसादेखत मारलेल्या त्या हाकेने आम्ही कसे सुटलो होतो, हे सगळंच सांगावं लागलं असतं.

"तिळगूळ घ्या," मी म्हणाले.

तिने घेतला, खाल्ला नाही, रुमालात बांधला आणि गेली. ज्या आल्या नव्हत्या त्यांचं वाण ताटात लावून मी ते घरोघरी द्यायला जिना उतरायला लागले.